‘मोफत त्वचा तपासणी’ आणि बिनलेबलची डबी

सोसायटीच्या हॉलमध्ये, मॉलच्या दाराशी किंवा महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला ‘मोफत त्वचा तपासणी’चं टेबल मांडलेलं दिसलं, तर आधी हे वाचा. माझे पैसे त्यात गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे चेहरा अजून पूर्ववत झालेला नाही. आमच्या सोसायटीतल्या आणखी चौघीजणी याच जाळ्यात सापडल्या. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी पुण्यात शिक्षिका आहे. शाळा लांब, रोजचं जाणं-येणं स्कूटरवर. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले ते गेलेच नाहीत. रविवारी सकाळी आमच्या क्लबहाऊसमध्ये एका स्किन क्लिनिकचं शिबिर लागलं. पांढरे कोट घातलेल्या मुली, एक लॅपटॉप आणि तोंड आत घालून बसायचं डोक्याएवढं यंत्र. फोटो निघाला आणि पडद्यावर माझा चेहरा काळ्या ठिपक्यांनी भरलेला दिसला. खाली आकडा होता: ‘त्वचेचं वय 54’. माझं वय तेव्हा 43 होतं.

या यंत्राबद्दल मला नंतर त्वचारोगतज्ज्ञांकडून जे कळलं, ते तुम्हाला आधीच कळायला हवं. अतिनील प्रकाशात काढलेल्या फोटोत त्वचेत दडलेलं रंगद्रव्य उठून दिसतं, आणि उन्हाच्या देशात राहणाऱ्या जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर ते असतंच. या प्रकाशाचा दिवा डॉक्टरही वापरतात. कोडाचा पांढरा डाग कुठवर पसरलाय, वांग किती खोल आहेत, हे त्यातून समजायला मदत होते. पण फोटो वाचायला शिकलेला डॉक्टर लागतो. ‘त्वचेचं वय’ हा आकडा मात्र त्या यंत्राच्या सॉफ्टवेअरने ठरवलेला असतो. कुठलाही डॉक्टर त्यावरून उपचार ठरवत नाही.

मग एक फॉर्म आला. किती वाजता झोपता? चहात साखर किती? दिवसभरात पाणी किती पिता? उन्हात किती वेळ? घरात कुणी सिगारेट ओढतं का? मी खरी उत्तरं दिली. पेपर तपासायचे असले की झोपायला बारा वाजतात. चहा दिवसातून तीनदा. प्रत्येक उत्तराला ती मुलगी हळहळायची आणि म्हणायची, “बघा ना मॅडम, हे सगळं चेहऱ्यावर आलंय.” फॉर्म संपला तेव्हा माझ्या प्रत्येक सवयीवर लाल खूण होती आणि खाली एकच उपाय लिहिला होता: त्यांचं वर्षभराचं पॅकेज.

या लोकांची खरी ताकद इथेच आहे. सुरुवातीला ते जे बोलतात त्यातलं बरंचसं खरं असतं. ऊन, तंबाखू, अपुरी झोप, रक्तातली वाढलेली साखर या सगळ्यांचा त्वचेवर परिणाम होतो. ते ऐकून आपण मान डोलवतो, आणि त्याच ओघात पुढच्या खोट्यालाही होकार देऊन बसतो. म्हणून खरं कुठे संपतं ते नीट माहीत असलं पाहिजे.

सगळ्यात मोठं खरं म्हणजे ऊन. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. 28 वर्षं ट्रक चालवलेल्या त्या माणसाचा खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी लोंबलेला आणि उजवा त्या मानाने कितीतरी तरुण. एकाच माणसाची झोप, जेवण, पाणी दोन्ही गालांना सारखंच. फरक होता तो काचेतून येणाऱ्या किरणांचा. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावी 55 वर्षांखालच्या नऊशेवर लोकांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. हाताच्या पाठीच्या त्वचेचे ठसे घेऊन तुलना केली, तेव्हा रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत वार्धक्याच्या खुणा 24 टक्के कमी निघाल्या. हे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर सुरकुत्या उशिरा येतात, पण डाग आणि वांग लवकर येतात. वांगांना नुसत्या अतिनील किरणांनीच नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही खतपाणी मिळतं. म्हणून डॉक्टर आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित मातकट रंगाचं सनस्क्रीन सुचवतात. शिबिरात सनस्क्रीनचा विषय एका वाक्यात आटोपला होता. ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, त्याच्यावर पॅकेज कसं विकणार?

साखरेचं म्हणाल, तर रक्तातली साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की ती त्वचेतल्या कोलॅजनला, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाला, चिकटून त्याला ताठर करते. ही वर्षानुवर्षं चालणारी प्रक्रिया आहे. तीन कप चहाने वांग आले, असं त्यावरून म्हणता येत नाही. पाणी तहानेप्रमाणे प्यावंच, पण जास्तीच्या पाण्याने डाग पुसले जात नाहीत. आणि ‘शरीरातले टॉक्सिन चेहऱ्यावर येतात, ते फेशियलने बाहेर काढू’ हे तर निव्वळ थोतांड आहे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाबतीत जे झालं त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. त्यांची मान काळवंडून जाड, मखमलीसारखी झालेली. शिबिरात त्यांना ‘रोजच्या उन्हाचं टॅनिंग’ म्हणून मानेचं डी-टॅन पॅकेज विकलं. अशी मान बहुतेक वेळा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. घासून ती उजळत नाही, उलट आणखी काळी होते. त्यांना त्या दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या एवढं एक वाक्य कुणी सांगायला हवं होतं. नंतर तपासली, तर वाढलेली निघाली. मधले महिने त्यांनी मान खरवडून घेण्यात घालवले.

आता पैशांकडे येते. पॅकेज 48,000 रुपयांचं, “आज घेतलं तर 36,000.” रोख नको, कार्ड नको, “महिन्याला फक्त तीन हजार, व्याज शून्य.” आधार आणि पॅन कार्डाचे फोटो घेतले, टॅबवर बोटाने सही घेतली, फोनवर आलेला ओटीपी “बुकिंगसाठी” म्हणून विचारला. त्या ओटीपीने माझ्या नावावर एका वित्त कंपनीचं कर्ज निघालं होतं. पूर्ण रक्कम क्लिनिकला एकरकमी मिळाली. त्यानंतर माझा चेहरा बरा होवो न होवो, त्यांचे पैसे झालेले होते आणि हप्ते माझ्या खात्यातून जाणार होते. ‘कर्ज’ हा शब्द त्या हॉलमध्ये एकदाही कुणी उच्चारला नाही.

क्लिनिकमध्ये पहिल्या भेटीत हातात एक पांढरी डबी ठेवली. “आमच्या डॉक्टरांनी खास तुमच्या त्वचेसाठी बनवलेली नाईट क्रीम.” डबीवर ना कंपनीचं नाव, ना घटक, ना बॅच नंबर, ना मुदतीची तारीख. तिचं बिलही दिलं नाही, पॅकेजमध्येच आहे म्हणाले. आठवडाभरात चेहरा असा उजळला की स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारलं. मीच दोघींना क्लिनिकचा पत्ता दिला.

दीड-दोन महिन्यांनी गावी गेले आणि डबी घरीच राहिली. चार दिवसांत चेहरा लालबुंद, आग आग, बारीक पुरळ. पाण्याचा हात लागला तरी झोंबायचं. क्लिनिकमध्ये फोन केला तर उत्तर आलं, “मॅडम, क्रीम बंद केली म्हणून होतंय, परत लावा.” परत लावली, शांत झालं. मग हनुवटीवर आणि कानांजवळ लव वाढली, गालांवर तांबड्या शिरांचं जाळं दिसायला लागलं, तेव्हा मी सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात गेले.

तिथल्या डॉक्टरांनी चेहरा पाहिला आणि पहिला प्रश्न केला: “डबीवर काय लिहिलंय?” त्यांनी समजावलं की ही लक्षणं चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत राहिल्याची आहेत. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, दाह दबतो, रंगद्रव्य कमी तयार होतं, म्हणून पहिले काही दिवस चेहरा गोरा आणि तुकतुकीत दिसतो. आतून मात्र त्वचा पातळ होत जाते आणि औषधाशिवाय राहू शकत नाही. थांबवलं की भडका उडतो. म्हणून ते थांबवायलाही डॉक्टरच लागतो. माझी क्रीम सुटायला कित्येक महिने गेले आणि शिरा अजून आहेत. ज्या ‘वय कमी करण्या’साठी पैसे भरले, ते त्वचेचं वय या डबीनेच खऱ्या अर्थाने वाढवलं. स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकण्यावर 2018 मध्येच केंद्र सरकारने निर्बंध घातले आहेत. बिनलेबलच्या डबीला मात्र चिठ्ठी मागणार कोण?

डॉक्टरांनी लघवीतला पाराही तपासायला सांगितला. माझा ठीक निघाला. ही तपासणी का, हे अकोल्याच्या उदाहरणावरून कळतं. तिथे एका घरातल्या तरुण मुलीच्या, तिच्या आईच्या आणि बहिणीच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला, आणि शोध घेतल्यावर तिघी लावत असलेल्या स्थानिक क्रीममध्ये पारा सापडला. 2023 मध्ये ही बातमी सगळीकडे आली होती. केरळमध्ये मलप्पुरम भागातल्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 दरम्यान मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे 15 रुग्ण नोंदवले, त्यातले 13 जण गोरं करणारी क्रीम लावत होते. पारा रंगद्रव्य बनवणारं एन्झाइम बंद पाडतो, म्हणून रंग उजळतो. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. भारतात चेहऱ्याच्या क्रीममध्ये तो मिसळायला बंदी आहे. बाहेरून येणाऱ्या काही डब्यांवर ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असते. ती दिसली तर डबी उघडूसुद्धा नका.

पैसे परत मागितले तेव्हा क्लिनिकने करारातली ‘रक्कम परत मिळणार नाही’ ही ओळ दाखवली. हप्ते थांबवले तर सिबिल स्कोअर बिघडणार, म्हणून ते नुसते बंद करायची घाई करू नका. मी क्लिनिकला आणि वित्त कंपनीला एकाच दिवशी लेखी ईमेल केला, डॉक्टरांचा कागद आणि चेहऱ्याचे फोटो जोडले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवली. वित्त कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, हे ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं. त्यानंतर उरलेले हप्ते रद्द झाले. भरलेले अजून मिळालेले नाहीत. त्यासाठी आम्ही पाचजणी जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहोत. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. विक्रीचं बिल न देणं हीसुद्धा 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

अशा शिबिरात कुणी पांढऱ्या कोटात भेटलं तर डॉक्टरचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या यादीत तपासा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ असं लिहिलेली प्रत्येक व्यक्ती डॉक्टर असतेच असं नाही. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा, त्यात कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव असू शकतं. आणि तुमच्याकडे अशी डबी असेल तर ती फेकू नका. तळाला क्रीम उरलेली असताना झाकण घट्ट लावून ठेवा, फोटो काढा, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी अर्जासोबत द्या, पोच घ्या. आमच्यातल्या तिघींनी रागाच्या भरात डब्या कचऱ्यात टाकल्या. अर्जासोबत द्यायला आता माझी आणि काकूंची, अशा दोनच उरल्या आहेत.