तेवढे वसूल झाले की थांबतो

बार्शी तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. उधारीची वही मी स्वतः लिहितो, पै-पैचा हिशेब ठेवतो. तरीही 2023 च्या खरिपात, बियाण्यापोटी कंपनीला भरायचे 3 लाख 40 हजार रुपये मी दहा दिवसांत मोबाइलवर घालवले. रंगावर पैसे लावायच्या खेळात घालवले. टेलिग्रामवर तसले ग्रुप अजून निघतात, म्हणून लिहितोय.

खेळ साधा. दर मिनिटाला लाल की हिरवा, एवढंच सांगायचं. बरोबर आलं तर शंभराचे एकशे शहाण्णव. ग्रुपवरचे 'सर' रात्री नऊला रंग सांगायचे. पहिल्या दिवशी 500 टाकले, तासाभरात 1,400 झाले आणि ते लगेच बँकेत जमाही झाले. माझा घात तिथेच झाला. पैसे निघतात म्हणजे माणसं खरी, असं मी धरून चाललो.

चौथ्या दिवसापासून हरायला लागलो. सर म्हणाले, "दादा, हरलं की डबल लावा. एकदा आलं की सगळं वसूल." शंभरापासून डबल करत सलग आठदा हरलं की 25,500 जातात आणि नववा डाव 25,600 चा लावावा लागतो. तो जिंकला तरी हातात येणार 50,176, लावलेले मात्र 51,100. म्हणजे जिंकूनही 924 रुपयांचा खड्डा. हा हिशेब मी सगळं संपल्यावर वहीत मांडला.

सातदा लाल आला की मन सांगायचं, आता हिरवा आलाच पाहिजे. माँटे कार्लोच्या कसिनोत 18 ऑगस्ट 1913 ला रुलेटच्या लाल-काळ्या चाकावर चेंडू सलग 26 वेळा काळ्यावर पडला आणि याच समजुतीने लोक लाल लावत बुडाले. मागचे डाव पुढच्या डावाला काही सांगत नाहीत. त्यात इथे रंग कोणता येणार तेही खेळ चालवणाऱ्यांच्याच हातात होतं.

लोक म्हणतात, हाव सुटली. मला श्रीमंत व्हायचं नव्हतं हो. बियाण्याचे पैसे घरात कळायच्या आत जागेवर ठेवायचे होते. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं होतं, की फायद्यात असलेला माणूस जपून वागतो, पण तोट्यात सापडला की पक्का तोटा पत्करण्यापेक्षा मोठी जोखीम उचलतो. हे मी फार उशिरा वाचलं. रात्री अडीचला न्हाणीघरात नळ सोडून बसायचो, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. बायको दार वाजवायची, "अहो, बरं नाही का वाटत?" मी म्हणायचो, पोट बिघडलंय. आणि पुढचा डाव लावायचो.

शेवटी स्क्रीनवर 2 लाख 12 हजार दिसत होते. काढायला गेलो तर म्हणाले, आधी 30 टक्के कर भरा. 63,600 भरले, तेही मेहुण्याकडून उसने घेऊन. खरा कर जिंकलेल्या रकमेतूनच कापला जातो, तो कुणाच्या खात्यावर आधी भरायचा नसतो. पैसे गेले आणि मला ग्रुपमधून काढलं. दर वेळी क्यूआर वेगळ्याच माणसाच्या नावाचा यायचा, हे डोळ्यांनी बघूनही मी थांबलो नव्हतो.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो सहा दिवसांनी, लाजेपोटी. तुम्ही पहिल्या तासातच करा, पैसा पुढच्या खात्यात असेपर्यंत अडवता येतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आहे, पण त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्या भीतीने गप्प बसू नका. आणि खेळायची ओढ सुटत नसेल तर 14416 या टेलिमानसवर, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर बोला.

दोन महिन्यांनी माझं खातंच बँकेने गोठवलं. चौकशी केली तेव्हा कळलं, पहिल्या दिवशी मला मिळालेले ते 1,400 रुपये दुसऱ्या एका फसलेल्या माणसाचे होते. त्यानेही तक्रार केली होती.