परदेशातील एक सत्र रेझ्युमेत कसे मांडावे : नौपाड्यातील एका रेझ्युमे सेवेचे परीक्षण

ठाणे पश्चिमेला गोखले रस्त्यालगतच्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ही सेवा चालते. रेझ्युमे करून देणारी दुकाने स्टेशन परिसरात पुष्कळ आहेत. पण येथे मुख्यतः परदेशात शिकून आलेली, किंवा तेथे एखादे सत्र काढून परतलेली मुले येतात, आणि म्हणूनच माझ्या भाचीने ही जागा निवडली. ती ऐरोलीला राहते, मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकली आणि त्या पदवीतले एक सत्र विद्यार्थी-अदलाबदल योजनेतून जर्मनीतील ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात करून आली. मी महापे औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात अनेक वर्षे अर्ज छाननीचे काम करत असल्यामुळे तिच्याबरोबर गेलो. त्यामुळे हे परीक्षण ग्राहकाच्या नातेवाइकाचे जितके आहे, तितकेच असे रेझ्युमे रोज वाचणाऱ्या माणसाचेही आहे.

या सेवेचे खरे सामर्थ्य पहिल्या बैठकीत आहे. संचालिका संगणक उघडत नाहीत, नमुने दाखवत नाहीत. वही घेऊन बसतात आणि विचारत राहतात. भाचीने सुरुवात केली ती 'मला तिथे खूप शिकायला मिळालं' या वाक्याने. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, ते सगळ्यांनाच मिळतं. तिकडे तू नेमकं काय केलंस, ते मला आधी सांग. वाक्यं आपण नंतर बनवू." मग गटात किती जण होते, कामाची वाटणी कशी झाली, तुझ्या वाट्याला काय आले, अहवाल कोणी लिहिला, तो कोणत्या भाषेत लिहिला, असे प्रश्न एकामागून एक आले. तासाभराने जे हाती लागले ते असे : पाच जणांच्या गटात बेअरिंगच्या कंपनांच्या नोंदी घेण्याचा प्रकल्प होता, त्या नोंदी स्वच्छ करून त्यांचे आलेख काढणारा पायथन प्रोग्रॅम हिने लिहिला होता, आणि दर आठवड्याचा इंग्रजी अहवाल प्राध्यापकांपुढे मांडण्याची जबाबदारी हिच्याकडे होती. भाचीच्या आधीच्या रेझ्युमेत या सगळ्याची जागा 'जर्मनीत प्रकल्पकार्य' एवढ्या दोन शब्दांनी घेतली होती. आमच्याकडे कंपन-परीक्षणाच्या विभागात नवीन अभियंता घ्यायचा असतो तेव्हा मी नेमका हाच तपशील शोधत असतो, आणि तो नसेल तर अर्ज बाजूला ठेवण्यावाचून इलाज नसतो.

दुसरा प्रश्न जागेचा होता, आणि तो वाटतो तितका साधा नाही. भाचीने शिक्षणाच्या रकान्यात ड्रेस्डेनच्या विद्यापीठाचे नाव सर्वांत वर, ठळक अक्षरांत लिहिले होते आणि स्वतःचे महाविद्यालय त्याखाली. संचालिकांनी ते लगेच बदलायला लावले. पदवी ज्या विद्यापीठाची, त्याचे नाव मुख्य ओळीत. परदेशातील सत्र त्याच नोंदीच्या पोटात, स्वतंत्र ओळीवर, 'अदलाबदल सत्र, ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५' असे स्पष्ट म्हणून. त्यांचे कारण मला पूर्ण पटले. वरवर चाळणाऱ्या माणसाचा असा समज होतो की उमेदवाराने जर्मनीची पदवी घेतली आहे. मुलाखतीत तो समज दूर झाला की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो. पुढे पार्श्वभूमी पडताळणी करणारी संस्था विद्यापीठाकडे चौकशी करते तेव्हा तर ओळीतला प्रत्येक शब्द कागदाशी ताडून पाहिला जातो. संपूर्ण पदवीच परदेशातील असेल तर अर्थातच तिची नोंद स्वतंत्र आणि वर येईल. दोन-तीन आठवड्यांची उन्हाळी शाळा मात्र शिक्षणाच्या रकान्यात मुळीच बसत नाही. ती प्रशिक्षणाखाली एका ओळीत जावी, हे त्यांचे म्हणणेही योग्य आहे.

गुणांच्या बाबतीत या सेवेने जे केले त्यासाठी मी तिला सर्वाधिक गुण देईन. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम शेरा असतो, ४.० ला विद्यार्थी जेमतेम उत्तीर्ण होतो आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. भाचीला १.७ मिळाले होते, म्हणजे चांगलेच. पण आपल्याकडे दहापैकी गुणांक वाचण्याची सवय असलेल्या माणसाला १.७ हा आकडा भयंकर वाटतो. आणि किमान गुणांकाची अट लावून अर्ज गाळणाऱ्या संगणकाला तर तो वाटण्याचाही प्रश्न नसतो, तो अर्ज सरळ बाजूला करतो. यावर अनेक जण आपल्या मनाने दहापैकी आकडा काढून लिहितात. भारतीय गुण जर्मन मापात बसवण्यासाठी तिकडची विद्यापीठे ज्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात ते वापरतात. तेच उलटे फिरवले की १.७ चे साधारण ८.६ होतात. संचालिकांनी हा हिशेब करून दाखवला आणि मग तो रेझ्युमेत घालू दिला नाही, कारण असा आकडा कोणत्याही गुणपत्रिकेवर छापलेला नाही. त्याऐवजी त्यांनी '१.७, जर्मन श्रेणी, १.० सर्वोच्च, ४.० उत्तीर्ण' असे त्याच ओळीत लिहिले. वाचणाऱ्याला मोजपट्टी मिळाली आणि आकडाही खरा राहिला. ऑनलाइन अर्जात दहापैकी गुणांक भरण्याचा रकाना आला की तेथे मूळ विद्यापीठाचाच गुणांक भरायचा, हेही त्यांनी बजावले.

ही मोजपट्टीची अडचण केवळ जर्मनीपुरती नाही. ब्रिटनमधून एमएससी करून आलेल्या मुलांचे अर्ज माझ्यापुढे येतात आणि त्यांत ६८ टक्के असा आकडा पाहून आमच्याच विभागातील सहकारी नाक मुरडतात. बहुतेक ब्रिटिश विद्यापीठांत पदव्युत्तर पातळीवर ६० ला 'मेरिट' आणि ७० ला 'डिस्टिंक्शन' मिळते, हे त्या अर्जात कुठेच लिहिलेले नसते. फ्रान्समध्ये गुण वीसपैकी असतात, दहाला उत्तीर्ण होता येते आणि सोळा म्हणजे उत्कृष्ट. एवढी माहिती देणारे चार शब्द लिहिले नाहीत म्हणून चांगली मुले छाननीत मागे पडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

क्रेडिटचेही असेच झाले. युरोपीय क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्षाचा भार ६० क्रेडिटचा, म्हणजे सत्राचा ३० क्रेडिटचा असतो आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. भाचीने २४ क्रेडिट पूर्ण केले होते. नुसते '२४ क्रेडिट' लिहिले तर येथील वाचकाला त्याचा काहीच बोध होत नाही. 'पूर्ण सत्राच्या ३० पैकी २४' असे लिहिल्यावर होतो. विषय मात्र सगळे न देता, ज्या नोकरीसाठी अर्ज करायचा तिच्याशी संबंधित तीनच द्यावेत, असे ठरले.

एका मुद्द्यावर माझे आणि संचालिकांचे जमले नाही. भाचीने ड्रेस्डेनमध्ये संध्याकाळी विद्यापीठाच्या भोजनगृहात काम केले होते. तेथील नियमांप्रमाणे परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते. मार्च २०२४ पूर्वी ही मर्यादा १२० दिवसांची होती. हे काम रेझ्युमेत येऊ नये, अभियंत्याच्या रेझ्युमेत ते कमीपणाचे दिसते, असे संचालिका म्हणाल्या आणि माझ्या ताईचेही तेच मत पडले. "लोक काय म्हणतील, मुलीला तिकडे भांडी घासायला पाठवली होती?" ही तिची भीती मी समजू शकतो. परंतु ज्या मुलीला आयुष्यात पहिलीच नोकरी शोधायची आहे, तिने परक्या देशात, परक्या भाषेत, अभ्यास सांभाळून नियमाने कामाच्या पाळ्या केल्या, ही गोष्ट माझ्यासारख्या वाचणाऱ्याच्या दृष्टीने प्रकल्पाखालोखाल मोलाची आहे. शिक्षण पूर्ण होऊन दोन-तीन नोकऱ्या झाल्या की ती ओळ काढून टाकावी. आज ती हवी. शेवटी भाचीनेच "मामा, मला ते लिहायचंय" असे सांगितले आणि ती ओळ राहिली.

आता उणिवा. पहिल्या बैठकीतली काळजी दुसऱ्या टप्प्यात दिसत नाही. मसुदा ठरलेल्या दिवशी आला नाही, दोनदा आठवण करावी लागली. आणि आला तो अशा रूपात की संचालिकांच्या वहीतले टिपण आणि हा कागद एकाच ठिकाणचे आहेत यावर विश्वास बसू नये. मांडणीचे काम दुसऱ्याच कोणाकडे असावे. कागदाचे दोन उभे रकाने पाडलेले, डाव्या बाजूला गडद निळी पट्टी, जर्मनीचा छोटा झेंडा, आणि जर्मन भाषेपुढे पाचपैकी तीन तारे भरलेले. तीन तारे म्हणजे किती जर्मन येते, हे कोणालाही सांगता येणार नाही. भाषेसाठी युरोपात ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्यांची सर्वमान्य मोजपट्टी आहे आणि भाचीकडे बी१ चे प्रमाणपत्र आहे, म्हणजे रोजच्या व्यवहारात ती स्वतःचे म्हणणे मांडू शकते. 'जर्मन : बी१, प्रमाणित' एवढे लिहिले की काम होते.

दोन रकान्यांचा तोटा याहून मोठा आहे. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणकप्रणाली वाचते आणि अशी मांडणी तिला अनेकदा नीट वाचता येत नाही. मी एक साधी चाचणी करतो : रेझ्युमेतला सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवतो आणि तो कोणत्या क्रमाने उतरतो ते पाहतो. या मसुद्यात ड्रेस्डेनच्या तारखा भाचीच्या मोबाइल क्रमांकाला जाऊन चिकटल्या होत्या आणि कंपन-प्रकल्पाची ओळ छंदांच्या खाली उतरली होती. घणसोली, ऐरोली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कार्यालयांत अर्ज करणाऱ्या प्रत्येक मुलाने ही चाचणी स्वतः करून पाहावी, कारण तिला पैसे लागत नाहीत.

सर्वांत वरच्या परिचयातही 'ग्लोबल एक्स्पोजर' आणि 'क्रॉस-कल्चरल कम्युनिकेशन' असे तयार शब्द आले होते. परदेशात गेलेल्या जवळपास प्रत्येक मुलाच्या रेझ्युमेत ते असतात, आणि म्हणून वाचणारा त्यांच्यावरून नजर पुढे सरकवतो. ज्या संचालिकांनी 'खूप शिकायला मिळालं' हे वाक्य पहिल्या मिनिटाला थांबवले, त्यांच्याच कागदावर त्याचीच इंग्रजी आवृत्ती यावी हे खटकले. आम्ही कळवल्यावर त्यांनी हे सारे काही तक्रार न करता बदलून दिले, एकच रकाना ठेवला, तारे आणि झेंडा काढला. पण हे ग्राहकाने सांगावे लागू नये. सोबत छाननीचे काम जाणणारा मामा नसलेल्या मुलाला तो निळ्या पट्टीचा कागदच घेऊन जावे लागले असते, ही माझी या सेवेविषयीची मुख्य तक्रार आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगायला हवी. संपूर्ण पदवी परदेशातून घेतलेल्यांना शासकीय नोकरीसाठी किंवा येथील पुढच्या प्रवेशासाठी पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न येतो आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियमावली काढली आहे. प्रतीक्षेत बसलेल्या एका मुलाने हे विचारले तेव्हा 'तो आमचा विषय नाही' असे उत्तर त्याला मिळाले. काम त्यांचे नसेल, पण कोणाकडे विचारावे एवढे तरी सांगता आले असते.

जर्मनीत अर्ज करण्यासाठीची वेगळी प्रत मात्र व्यवस्थित झाली. तेथे छायाचित्र लावण्याची जुनी पद्धत आहे, परंतु २००६ च्या समान वागणूक कायद्यानंतर ते मागण्याचा आग्रह धरला जात नाही. ते लावायचे की नाही हे त्यांनी भाचीवर सोपवले. वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटचे प्रतिज्ञापत्र हा आपल्याकडचा परिपाठ दोन्ही प्रतींतून गेला. जर्मन प्रतीच्या तळाशी तिकडच्या रिवाजाप्रमाणे स्थळ, दिनांक आणि सही आली.

भारतीय प्रतीचे साडेतीन हजार आणि जर्मन प्रतीचे आणखी दीड हजार रुपये घेतले, पावती दिली आणि दोन दुरुस्त्या त्यातच धरल्या. पहिल्या बैठकीचा विचार केला तर ही रक्कम मला जास्त वाटत नाही; नुसत्या मांडणीसाठी ती नक्कीच जास्त आहे. शनिवारी तेथे गर्दी असते आणि बैठक आटोपती घेतली जाते, म्हणून शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी वेळ घ्यावी. जाताना परदेशी विद्यापीठाच्या गुणपत्रिकेबरोबर विषयांची तपशीलपत्रकेही न्यावीत. भाचीकडे ती नव्हती, आणि प्रकल्पाच्या विषयाचे अधिकृत इंग्रजी नाव मिळवण्यासाठी तिला ड्रेस्डेनला ईमेल करून उत्तराची वाट पाहावी लागली.