रंगाखाली कापडच नव्हतं

माझ्या बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) मॉडेल सीप्लेनचा, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या विमानाचा हल, म्हणजे होडीसारखं पोट, पाण्यातल्या ओंडक्यावर आपटला आणि स्टेपच्या, म्हणजे तळाच्या आडव्या पायरीच्या मागे तळहाताएवढं भोक पडलं. फायबरचं काम मी कधी केलेलं नव्हतं, म्हणून मॉडेलं दुरुस्त करणाऱ्या एकाकडे दिलं. ठरलं होतं ते स्पष्ट होतं: तळाला चौरस मीटरला ४९ ग्रॅमचं काचेचं कापड, स्टेप आणि कीलवर (तळाच्या मधल्या लांब कण्यावर) दोन थर, सगळं इपॉक्सीत, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या रेझिनमध्ये. पैसे त्याने आधीच घेतले. रंगाआधी फोटो पाठवा म्हटलं, तर उत्तर आलं, "अहो, रंग लागलासुद्धा!" शंकेची पाल तेव्हाच चुकचुकायला हवी होती.

विमान आलं ते आरशासारखं. खोक्यात नाकाला झोंबणारा वास होता, तो मी रंगाचा समजलो. तो स्टायरीनचा, म्हणजे पॉलिएस्टर या वेगळ्या रेझिनचा. इपॉक्सीला असा वास नसतो. वजन १३० ग्रॅमनी वाढलेलं. तळ जेमतेम ०.१ चौरस मीटर. कापड आणि तेवढंच रेझिन धरलं तरी एका थराला १० ग्रॅम होतात. हा हिशेब मी आता करतोय. तेव्हा "मजबुतीला वजन येणारच" हे ऐकून घेतलं आणि शेपूट जड झालं म्हणून नाकात शिसं भरलं. शहाणाच मी!

पाण्यावरून उठायलाही विमान कुरकुरत होतं. मी प्रोपेलरला दोष देत राहिलो. पाचव्या उड्डाणात नाक वर गेलं ते जातच राहिलं, विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल जाऊन, पंखावर कोसळलं. बाहेर काढून शेपटाकडे तिरकं केलं, तर हलमधून अर्धा कप पाणी सांडलं. नाक उचललं की हे पाणी मागे धावणार आणि सीजी (गुरुत्वमध्य) आणखी मागे नेणार, मग दुसरं काय होणार?

घरी पॉलिश पेपर मारला. खरं कापड असतं तर घासताना त्याची वीण दिसू लागते. इथे नुसती गुलाबी भुकटी. गाडीच्या पत्र्याची पुट्टी! तिच्यात टाल्क असतं, ती पाणी पिते, आणि बाल्सा लवला की तडकते. खाली मोडका बाल्सा तसाच, पोकळीत कागदाचे बोळे. स्टेपची धार, जिथे पाणी तळापासून सुटायला हवं, तीही पुट्टीने गोल झालेली. वरून कीर्तन, आतून तमाशा.

त्याला फोटो पाठवले. आधी "तुम्ही जोरात उतरवलंत", मग "पुट्टीतही फायबर असतं", मग फोन उचलणंच बंद. कुणाला काम देणार असाल तर देताना आणि घेताना विमान काट्यावर ठेवा, आणि कापड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रंगाला हो म्हणू नका. काम चोख असेल तर कारागीर स्वतःच हौसेने दाखवतो.

शेवटी सगळं खरवडून मीच नवा बाल्सा बसवला आणि कापड लावलं. दिसायला ओबडधोबड झालंय. वजन वाढलं २४ ग्रॅम. नाकातलं शिसं काढून टाकलं.