पाच वॉट की सहा वॉट? हातातला विमान-रेडिओ घेण्याआधी

सांबऱ्यात, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमान शिकणारी मुलं बॅकअपसाठी हँडहेल्ड घ्यायला निघाली की पहिला प्रश्न ठरलेला: आयकॉमचा ए२५एन ६ वॉटचा, यासूचा एफटीए-२५०एल ५ वॉटचा, मग सहावालाच लांब ऐकू जाणार ना?

फारसा नाही. खोक्यावर छापलेले वॉट हे बोलताना क्षणभर गाठलेलं शिखर असतं. विमानाचा रेडिओ एएमवर, म्हणजे आवाजानुसार लहरीची ताकद कमी-जास्त करून चालतो आणि त्यात बघायची ती कॅरिअर पॉवर, म्हणजे त्या मूळ लहरीची ताकद: आयकॉमची १.८, यासूची १.५ वॉट. हा फरक १ डेसिबलसुद्धा भरत नाही. मोकळ्या आकाशात पल्ला फार तर दहा टक्क्यांनी वाढेल.

खरं ठरवते ती उंची. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. टॉवरची अँटेना २० मीटरवर धरली, तर सपाट माळावर उभ्या माणसाचा आवाका २३-२४ किलोमीटरवर संपतो. जमिनीपासून ३,००० फुटांवर तोच आवाका १४० किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणून निपाणीवरून उडताना सांबरा टप्प्यात असतो. पण जांबोटीच्या रानात उतरायची वेळ आली, तर अंतर कमी असूनही मधला डोंगर दोन्ही सेटना सारखाच अडवतो.

त्यानंतर अँटेना, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. १२५ मेगाहर्ट्झला पाव लहर ६० सेंटीमीटरची. सेटवरचं रबरी शेपूट त्याहून कितीतरी आखूड, वर कॉकपिट धातूचं. सेट मांडीवर आडवा ठेवून बोललात तर होता नव्हता तो पल्लाही जातो. खिडकीच्या काचेशी उभा धरा. त्याहून चांगलं म्हणजे विमानाच्या बाहेरच्या अँटेनाची केबल सेटला लागेल अशी सोय आधीच करून ठेवणं. सेट घेतानाच कनेक्टर जुळतो का ते पाहा.

मला विचाराल तर व्हीओआर (जमिनीवरच्या केंद्राच्या संकेतावरून दिशा दाखवणारी सोय) आणि जीपीएस हवं असेल तरच ए२५एन घ्या. त्या सोयी खरोखर कामाच्या आहेत, पण त्यांचे पैसे मोजावे लागतात. नुसतं बोलायचं असेल तर २५०एल पुरे. वाचलेल्या पैशांत हेडसेटचा अ‍ॅडॅप्टर आणि जादा बॅटरी घ्या. इंजिनाच्या आवाजात हेडसेटशिवाय टॉवरचं उत्तर कळत नाही. ट्रान्समिटसाठी आरटीआर(ए), म्हणजे विमान-रेडिओवर बोलायचा स्वतःचा परवाना, आणि सेटचा वायरलेस परवाना दोन्ही लागतात. तो खर्च आणि वेळ आधीच हिशेबात धरा.