‘एनए (बिनशेती) आहे ना, मग अडचण कसली?’

ऑफिससाठी प्लॉट किंवा गाळा घेणारे अनेक जण याच एका वाक्यावर फसतात. दाखवलेला बिनशेती आदेश, म्हणजे जमीन शेतीशिवाय वापरायची परवानगी, खरा असतो, सातबाराही स्वच्छ असतो. पण शहरातली कोणती जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या विकास आराखड्यात ती जागा सार्वजनिक-निमसार्वजनिक झोनमध्ये, म्हणजे शाळा, रुग्णालय, वसतिगृह अशा संस्थांसाठी असते. बिनशेती आदेशाने झोन बदलत नाही. संस्थेच्या इमारतीत पूरक म्हणून मोजका व्यापारी वापर चालतो. त्या बळावर मजलेच्या मजले ‘ऑफिस स्पेस’ म्हणून विकले जातात.

झोन दाखला, म्हणजे जागा कोणत्या झोनमध्ये आहे याचा कागद, मागितला की दुसरी चलाखी सुरू होते. एकाच सर्व्हे नंबरात दोन झोन असू शकतात: रस्त्याकडची पट्टी रहिवासी, मागचा भाग निमसार्वजनिक. दलाल पुढच्या हिश्शाचा दाखला दाखवतो आणि मागचा हिस्सा विकतो. काही वेळा दाखला जुन्या आराखड्याचा निघतो. म्हणून महापालिकेच्या नगररचना विभागात आपण स्वतः अर्ज करावा, आणि दाखल्यासोबत भाग नकाशाही, म्हणजे आराखड्यातला त्या जागेपुरता नकाशा, घ्यावा. मग हिश्शाच्या हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा त्याच्याशी ताडून बघावा. नुसत्या सर्व्हे नंबरावर विसंबलात तर ही गफलत कधीच सापडणार नाही.

‘कलम 37 खाली बदल होतोय, फाइल मंत्रालयात आहे’ हेही ठरलेलं वाक्य. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधल्या या कलमाखाली किरकोळ फेरबदल होतो खरा, पण त्यासाठी नोटीस, हरकती-सूचना आणि शेवटी शासनाची मंजुरी लागते. मंजुरीची अधिसूचना हातात नसेल तर झोन जुनाच धरायचा.

गाळा तयार असेल तर मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) वाचा. त्यावर ‘शैक्षणिक’ किंवा ‘सभागृह’ लिहिलं असेल तर ते ऑफिस नव्हे. बाकीचे कागद इथे कामाचे नाहीत. दस्त नोंदवताना दुय्यम निबंधक झोन तपासत बसत नाही. व्यापारी दराची करपावती तर अनधिकृत वापरालाही मिळते! शॉप अ‍ॅक्टच्या नोंदणीचीही तीच गत.

वापर आराखड्याविरुद्ध निघाला तर कलम 52 नुसार खटला होऊ शकतो आणि ऑफिस बंद करण्याची नोटीस तिथे बसलेल्याला मिळते. विकणारा तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो.

विसार (आगाऊ रक्कम) देताना होणाऱ्या विसार पावतीत तीन गोष्टी लिहून घ्या: हिस्सा नंबरासह नेमकी जागा, ‘कार्यालयीन वापरास अनुज्ञेय’ हे शब्द, आणि तसं न निघाल्यास ठरावीक दिवसांत संपूर्ण विसार परत. ‘कार्यालयीन’ऐवजी ‘व्यावसायिक कामासाठी योग्य’ असं मोघम घालायचा आग्रह झाला, तर पैसे खिशातच राहू द्या.