बी.कॉम.ची पदवी, सोलापूर : दहा वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

सोलापुरातील एका अनुदानित महाविद्यालयातून मी २०११ ते २०१४ या काळात बी.कॉम. केले. त्यानंतर अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत, एका टॉवेल कारखान्याच्या हिशेब खात्यात मी दहा वर्षांहून अधिक काळ काम करीत आहे. माझ्या भाचीची बारावी झाली आणि पदवीसाठी तीन वर्षे घालवावीत की सरळ कामाला लागावे, हा प्रश्न आमच्या घरात पुन्हा उभा राहिला. दुकानातून आणलेल्या वस्तूविषयी आपण वापरून झाल्यावर मत देतो, मग आयुष्यातली तीन वर्षे देऊन घेतलेल्या सेवेविषयी का देऊ नये, या विचाराने मी हे लिहीत आहे.

प्रथम किंमत. अनुदानित तुकडी असल्यामुळे माझी फी फार नव्हती. पुस्तके, परीक्षा शुल्क आणि बसचा पास धरून तिन्ही वर्षांचा खर्च पंचवीस हजारांच्या आत बसला. परंतु शहराच्या पूर्वभागातल्या आमच्यासारख्या कामगार घरात खरी किंमत फीच्या पावतीवर लिहिलेली नसते. वडील यंत्रमागावर कामाला होते आणि अम्मा घरी विड्या वळत असे, आणि त्या कामाचा हिशेब हजार विड्यांमागे इतके रुपये असाच होत असे. माझ्याबरोबर बारावी झालेली शेजारची मुलगी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागली आणि पहिल्याच आठवड्यापासून तिच्या घरात पैसे येऊ लागले. मी पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा तिच्या हातात तीन वर्षांचा पगार, शिवणकामातला वेग आणि ओव्हरलॉक यंत्रावरची सफाई होती, तर माझ्या हातात गुणपत्रिका होत्या. त्यानंतरची दोन वर्षेही ती माझ्यापेक्षा अधिक कमवीत होती. पदवीची शिफारस करणाऱ्या प्रत्येकाने हा मधला काळ कबूल केला पाहिजे, कारण ज्यांच्या घरात तो काढण्याची ऐपत नसते, त्यांची मुले दुसऱ्या वर्षातच गळतात.

आता त्या पैशांत मिळाले काय? लेखाशास्त्राचे आणि कॉस्टिंगचे अध्यापक अतिशय मनापासून शिकवीत. इतर अनेक विषयांचे तास वेळापत्रकात होते, वर्गात क्वचितच झाले, आणि परीक्षेच्या आधी बाजारातील मार्गदर्शिका वाचून आम्ही उत्तीर्ण झालो. संगणक कक्षाला तीन वर्षांत मी चार-पाच वेळाच आतून पाहिले. त्यामुळे पदवीनंतर तीन महिने टॅली या हिशेबाच्या संगणकीय प्रणालीचा वर्ग वेगळे पैसे भरून करावा लागला, आणि पहिल्या मुलाखतीत मालकांनी विचारले तेही टॅलीचेच. माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र शेवटच्या सत्राच्या निकालाची आहे. एका विषयाचे अंतर्गत गुण कार्यालयाकडून पुढे गेलेच नाहीत, निकाल राखून ठेवला गेला, आणि बँकांच्या लिपिक परीक्षेचा अर्ज भरण्याच्या दिवशी हातात पदवीची गुणपत्रिका असावी लागते, म्हणून त्या वर्षी मी अर्जच करू शकले नाही. चूक कोणाची, हे खिडकीवर कोणीही सांगितले नाही. कागद दुरुस्त व्हायला साडेचार महिने लागले. ज्या सेवेचे अंतिम फळ म्हणजे एक कागद आहे, तिने तो कागद तरी वेळेवर दिला पाहिजे.

एवढे असूनही ती पदवी घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही, आणि त्याचे कारण मला नोकरी लागल्यावर तीन वर्षांनी कळले.

आमच्या कारखान्यातील जुने दिवाणजी दहावीपर्यंत शिकलेले होते. सुताची खरेदी, डाईंगला पाठवलेल्या मालातली घट, कामगारांची उचल हे सारे त्यांना तोंडपाठ असे, आणि रोजकीर्द-खतावणीचा खरा सराव मी त्यांच्याच शेजारी बसून केला. हिशेबाची नजर पदवीमुळेच येते, असे कोणी म्हणाले तर मला त्यांची आठवण येते. मात्र १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. आम्ही महाविद्यालयात शिकलेला व्हॅट एका रात्रीत निरुपयोगी ठरला आणि दिवाणजींचा चाळीस वर्षांचा अनुभवही अडखळला. तेव्हा कायद्याची कलमे आणि अधिसूचना स्वतः वाचणे, जॉबवर्कला, म्हणजे बाहेर प्रक्रियेसाठी, गेलेल्या मालाचा नियम कोणता हे शोधणे, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) कोठे मिळते आणि कोठे अडते याचा तक्ता मांडणे, ही कामे माझ्याकडे आली. व्यापारी कायद्याच्या ज्या पेपरला मी कंटाळले होते, त्याने मला कायद्याची भाषा न घाबरता वाचायला शिकवले होते, आणि नावे-जमेचे तत्त्व तर कोणत्याही करबदलाने जुने होत नाही. त्याच वर्षी माझा पगार प्रथमच समाधानकारक वाढला.

पदवीचा दुसरा उपयोग दाराचा आहे. महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते, पण तलाठी, राज्यसेवा, बँकेतील लिपिक या जागांच्या अर्जात पदवीचा रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही. राज्य शासनाने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तर शिक्षणाचा दर उघडच मांडला होता : बारावी उत्तीर्णाला महिना ६,००० रुपये विद्यावेतन, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,०००. तीन वर्षांच्या बदल्यात महिन्याला चार हजारांचा फरक पुरेसा आहे का, हे ज्याने-त्याने आपल्या घराकडे पाहून ठरवावे. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणांत कमी शिकलेल्यांपेक्षा पदवीधरांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण अधिक असल्याचे वारंवार दिसते, आणि काम मिळालेल्या पदवीधरांची सरासरी कमाई जास्त असल्याचेही दिसते. माझ्या वर्गाकडे पाहिले तर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. काही जण आज बँकेत आहेत, आणि काही जण पदवीनंतर चार-पाच वर्षे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेतच बसून राहिले.

मुलींच्या बाबतीत मला एक गोष्ट आवर्जून नोंदवायची आहे. बारावीनंतर माझ्यासाठी स्थळे येऊ लागली होती, आणि "कॉलेज चालू आहे" हे एक वाक्य सांगून अम्माने ती तीन वर्षे थोपवून धरली. त्या काळात मी एकटीने बँकेत जायला, अर्ज लिहायला, अनोळखी माणसांशी बोलायला शिकले. घरात तेलुगू आणि गल्लीतही तेलुगू असल्यामुळे माझे मराठी बिचकते होते, ते याच वर्षांत सुधारले. एवढ्या एका कारणासाठीही मी ती फी पुन्हा भरीन.

ज्याला हाताच्या कामाची आवड आहे आणि घरात लवकर पैसा यायला हवा आहे, त्याने केवळ नावापुढे पदवी लागावी म्हणून बी.कॉम.ला येऊ नये, आयटीआयचा दोन वर्षांचा वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा जोडारी (फिटर) अभ्यासक्रम आणि त्यानंतरची शिकाऊ उमेदवारी त्याच्या अधिक उपयोगाची आहे. आमच्या कारखान्यात चांगला वीजतंत्री मिळवणे लेखनिक मिळवण्यापेक्षा अवघड जाते. सनदी लेखापालाच्या (सीए) मार्गावर तर बारावीनंतरही थेट जाता येते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी आहे.

माझ्या वेळेपेक्षा आता एक बदल निश्चित चांगला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार काही अटींवर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, आणि प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणालाही श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. हे प्रशिक्षण खरोखर होते की सही-शिक्क्यापुरते उरते, यावर त्याचे मोल ठरेल.

म्हणून भाचीला घेऊन मी तीन महाविद्यालयांत गेले. माहितीपुस्तिकेतील रंगीत छायाचित्रे बाजूला ठेवून कार्यालयात एवढेच विचारले, की विद्यार्थ्यांना कामाच्या प्रशिक्षणासाठी कोठे पाठवता आणि मागच्या वर्षी राखून ठेवलेले निकाल किती दिवसांत सुटले. पहिल्या ठिकाणी माहितीपुस्तिका हातात दिली गेली. दुसऱ्या ठिकाणी प्राचार्य भेटले नाहीत. तिसऱ्या ठिकाणी एका अध्यापिकाबाईंनी वही उघडून कोणती मुलगी कोणत्या कर सल्लागाराकडे आणि कोणत्या कारखान्यात गेली होती ते दाखवले, आणि एक निकाल दोन महिने अडला होता हेही न लपवता सांगितले. भाचीचा प्रवेश आम्ही तेथे घेतला.