प्रेग्नन्सी योगा क्लास, कोथरूड: पाचव्या महिन्यापासून बाळ चार महिन्यांचं होईपर्यंतचा माझा अनुभव

नमस्कार, डोहाळजेवण झालं तेव्हापासून आजपर्यंत किमान दहा जणींनी मला विचारलं असेल की योगा क्लास लावला होतास ना, उपयोग झाला का, आम्ही लावू का, म्हणून एकेकीला व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितेय. नाव टाकत नाहीये कारण दोन गोष्टींबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी मॅडमना समोर बसून सांगितलीये.

आधी मी घराजवळच्या दुसऱ्याच एका क्लासला गेले होते. तीस जणी एका हॉलमध्ये, चौथा महिना आणि नववा महिना एकाच रांगेत, रिपोर्ट कोणी मागितला नाही आणि दुसऱ्याच दिवशी आम्हाला कपालभाती करायला लावली. माझ्या गायनॅकना सांगितलं तर त्या म्हणाल्या आजच्या आज बंद कर, पोटाला असे झटके द्यायचे नाहीत आणि श्वासपण रोखून धरायचा नाही. तो क्लास तिथेच सोडला, पैसे परत मिळाले नाहीत.

मग चुलत जावेने हा क्लास सुचवला. पहिल्या दिवशी एकही आसन नाही! पाऊण तास फक्त फॉर्म. कितवा आठवडा, आधी कधी गर्भ राहिला होता का, बीपी, थायरॉईड, शुगर, अंगावरून जातंय का, सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) कुठे दिसतेय, आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय चटईवर बसायचंच नाही. माझी विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार खाली होती. मॅडमनी फॉर्मवर लाल पेनने लिहून ठेवलं आणि पुढचे तीन महिने बाकीच्या मलासनात (उकिडवं बसायचं आसन) बसल्या की मला न विसरता सांगायच्या, तू खुर्चीवर बस, तू नाही करायचं. बत्तिसाव्या आठवड्यात वार वर सरकली, रिपोर्ट दाखवला, डॉक्टरांना विचारलं आणि मगच मला मलासन मिळालं. मला तिथेच या बाईंवर विश्वास बसला, कारण काय करायचं हे सगळेच सांगतात, तुला काय करायचं नाही हे लक्षात ठेवणारं माणूस मिळायला नशीब लागतं.

बॅच आठ जणींची, आठवड्यातून तीन दिवस, एक तास. मॅडम अय्यंगार पद्धतीने शिकलेल्या आहेत त्यामुळे बोल्स्टर, पट्टा, विटा, खुर्ची, भिंत सगळं हाताशी असतं. बद्धकोनासन पाठीला भिंत देऊन, वीरभद्रासन खुर्चीला धरून, मार्जारासन हळूहळू. मार्जारासनाने माझी कंबर खरंच मोकळी व्हायची, दिवसभर लॅपटॉपवर बसून जी आखडायची ती. शवासन पाठीवर नाहीच, डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन, कारण पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपलं की पोटाचं वजन मागच्या मोठ्या शिरेवर पडतं, रक्त हृदयाकडे नीट परत जात नाही आणि गरगरतं. मला आधी एकदा घरी असंच गरगरलं होतं आणि मी उगाच काहीतरी भयंकर समजून रडले होते. मॅडमनी दोन वाक्यात समजावलं.

कळांची प्रॅक्टिस कशी घेतात ते सांगते. हातात बर्फाचा खडा धरायचा, एक मिनिट, आणि फक्त लांब श्वास सोडत राहायचं, खांदे सैल, जबडा सैल. पहिल्यांदा वीस सेकंदात खडा टाकला मी. नवव्या महिन्यात पूर्ण मिनिट जमायला लागलं. ओठ मिटून भ्रामरी पण असायची, ती मला रात्री झोप लागत नसेल तेव्हा सगळ्यात जास्त कामी आली.

महिन्यातून एक रविवार घरच्यांसाठी. नवऱ्याने कंबरेच्या खाली तळहाताने कसा दाब द्यायचा, बाळाला ढेकर कसा काढायचा, आईला पाणी कधी विचारायचं, इतकं साधं. माझ्या सासूबाई पण आल्या होत्या. पहिलं पिवळसर चीक दूध काढून टाकायचं नाही, तेच बाळाला पहिलं द्यायचं, आणि सहा महिने बाहेरचं पाणी नाही, गुटी नाही, मध नाही, हे त्यांनी तिथे ऐकलं म्हणून घरी वाद झाला नाही. मी सांगितलं असतं तर नक्की झाला असता.

आणि एक फाईल देतात, ती मला क्लासइतकीच मोलाची वाटते. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात नाव नोंदवून माता बाल संरक्षण कार्ड घ्या, प्रायव्हेट डॉक्टर असले तरी घ्या, बाळाच्या लशींपर्यंत ते पुरतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, अटी आहेत पण विचारायला काय हरकत आहे, आमच्या कामवाल्या ताईंच्या सुनेला मी स्वतः अंगणवाडीत घेऊन गेले. नोकरी करणाऱ्यांनी २०१७ पासून मिळणारी २६ आठवड्यांची भरपगारी रजा (पहिल्या दोन बाळंतपणांना) नीट वाचून एचआरकडे लेखी द्यावी, तोंडी बोलून ठेवू नये. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. दूधपेढीबद्दल पण त्यातच वाचलं, सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलमध्ये १९८९ पासून आहे, आणि आमच्याच बॅचमधली एक जण माहेरी मुंबईला गेली असताना साडेसातव्या महिन्यात बाळंत झाली, तिला निदान दुसऱ्या आईचं दूध अशा बाळांना देता येतं हे तरी माहीत होतं.

आता तक्रार. क्लासच्या एका अख्ख्या भिंतीवर नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या आयांचे फोटो लावलेत. पाच महिने मी ती भिंत बघत बद्धकोनासनात बसले. मला चौदा तास कळा आल्या, श्वास नीट सोडला, सगळं केलं, मग बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि सिझर झालं. बाळ छान आहे, डॉक्टरांनी योग्य तेच केलं. पण तिसऱ्या दिवशी टाके ओढत असताना मला ती भिंतच आठवत होती, आणि आपण कुठेतरी कमी पडलो असं इतकं वाटलं की मी मॅडमचा फोन दोनदा उचलला नाही. योगाने कंबर सुटते, झोप लागते, मन शांत राहतं, बाळ कसं बाहेर येणार ते योगा ठरवत नाही. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या आणि म्हणाल्या मी विचार करते. फोटो काढावेत ही माझी कळकळीची विनंती आहे, किंवा सिझरवाल्यांचेही लावा.

पण फोन उचलला नाही तरी त्यांनी करायचं थांबवलं नाही हेही लिहायलाच हवं. विसाव्या दिवशी मी उचलला. बाळ, दूध, टाके हे विचारून झाल्यावर त्यांनी एक कागद पाठवला, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं याचे १० प्रश्न, आणि म्हणाल्या खरं खरं भर, आईला दाखवू नकोस हवं तर. मला वाटत होतं सगळ्याच बाळंतिणी रडतात. रडतात, पण दोन आठवडे उलटून गेले तरी रडू थांबत नसेल, बाळ झोपलं असताना सुद्धा झोप येत नसेल तर डॉक्टरांना सांगायचं, हे मला कोणी बोललंच नव्हतं, घरात सगळे डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर घेऊन माझ्या मागे होते आणि मी खातही होते. त्या रात्री १४४१६ ला फोन केला, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी माझं ऐकून घेतलं, मग नवऱ्याला उठवायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आज मी बरी आहे.

दुसरी तक्रार याच्याशीच जोडलेली. बाळंतपणानंतरची बॅच फक्त सकाळी सात वाजता होती. सात वाजता कुठली आई येणार, मालिशवाल्या मावशी येतात, अंघोळ, धुरी, पाजणं. जेव्हा खरी गरज असते तेव्हाच दार बंद. सिझरवाल्यांना तसंही टाके भरून डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सुरू करायचं असतं आणि आधी नुसता श्वास आणि ओटीपोटाखालचे स्नायू आवळणं-सोडणं एवढंच, पोटाच्या स्नायूंमधली फट बोटांनी तपासून मग पुढचं. माझी सुरुवात दहाव्या आठवड्यात झाली. आम्ही पाच जणींनी मिळून सांगितल्यावर आता बुधवारी दुपारी बाळांना घेऊन यायची बॅच काढलीये, मध्ये थांबून पाजलं तरी चालतं.

फी महिन्याला ३,००० होती, बुधवारच्या बॅचला कमी आहे. क्लास दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याला कठडा मात्र चांगला आहे. संध्याकाळी खाली गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळची साडेदहाची बॅच घ्या, आणि जाताना स्वतःची सुती चादर न्या.